क्लूनीच्या टेकड्यांत ग्रॅव्हल सायकलिंग: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भाड्याची सायकल हातात आली की आधी जागेवरच उभं राहून डावा ब्रेक दाबा आणि कुठलं चाक अडतंय ते बघा. भारतात आपल्याला पुढचा ब्रेक उजव्या हाताला असायची सवय असते. फ्रान्समध्ये उलटं असतं: डावा हात पुढच्या चाकाचा, उजवा मागच्या. सपाट डांबरी रस्त्यावर ही गल्लत खपून जाते. पण सैल चुनखडीवर, उतारावर, वळणाच्या तोंडाशी, मागचा दाबतोय अशा समजुतीने डावा हात आवळला की पुढचं चाक खालून निसटलंच म्हणून समजा. क्लूनीजवळच्या ब्लानो गावाच्या वरच्या उतारावर मी हेच केलं. कोपरावर दोन रुपयांच्या नाण्याएवढी खूण अजून आहे. म्हणून लेख ब्रेकपासून सुरू केला, नाहीतर रीतसर प्रेक्षणीय स्थळांपासूनच केला असता.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय हे थोडक्यात उरकतो. रोड बाइकसारखं वाकडं हँडल, पण टायर जाड, गिअर हलके आणि डिस्क ब्रेक. म्हणजे डांबर, खडी, जंगलातली गाडीवाट असं सगळं एकाच दिवसात चालवता यावं. तांत्रिक उड्या, दगडांच्या पायऱ्या वगैरे एमटीबीचं (माउंटन बाइकचं) काम. ते इथे नाही.

जागा कुठली आणि हीच का

फ्रान्समधला दक्षिण बर्गंडी. ल्यों शहराच्या उत्तरेला सत्तरेक किलोमीटरवर सोन नदीकाठी माकों आहे. (नदीच्या नावाचं फ्रेंच स्पेलिंग भलतंच लांब, पण उच्चार थेट आपल्या 'सोन'सारखा.) माकोंपासून पश्चिमेला, टेकड्यांच्या एका रांगेपलीकडे, पंचवीसेक किलोमीटरवर क्लूनी. आल्प्स किंवा प्रोव्हान्सचे फोटो जास्त देखणे येतात हे कबूल. पण नवख्या माणसाला मी क्लूनीच सांगतो, आणि त्याचं कारण रेल्वे आहे.

क्लूनीवरून जाणारी जुनी रेल्वे बंद झाली, रूळ उखडले आणि त्या जागेवर फक्त सायकली, स्केट्स आणि पायी जाणाऱ्यांसाठी रस्ता झाला. जिव्री ते क्लूनी हा ४४ किलोमीटरचा पहिला टप्पा १९९७ साली उघडला. फ्रान्समधला हा पहिला 'व्वा व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट. (उच्चार तसाच आहे, मी दाद देत नाहीये.) पुढे ती माकोंच्या वेशीपर्यंत आली. आगगाडीला खडा चढ चढता येत नाही, त्यामुळे ही वाट टेकड्यांच्या मधून जाऊनही जवळजवळ सपाट आहे. ती बहुतेक ठिकाणी डांबरी आहे, तिच्यावर ग्रॅव्हल शोधू नका. ग्रॅव्हल आहे ते तिच्या दोन्ही अंगांना: द्राक्षमळ्यांतल्या पांढऱ्या वाटा, जंगलखात्याचे रस्ते, दोन शेतांच्या मधल्या गाडीवाटा.

माझी सगळी योजना यावरच उभी आहे. हिरवी वाट हा माशाचा कणा. रोज त्यातून एक काटा धरून टेकडीत शिरायचं आणि फिरून पुन्हा कण्यावर यायचं. दमलात, पाऊस आला, साखळी तुटली, तरी उताराने तासाभरात कणा गाठता येतो आणि तिथून मुक्काम. आल्प्समध्ये ही सोय नाही. तिथे चुकलेली दरी म्हणजे अख्खा दिवस गेला.

पायरी १: किलोमीटर नव्हे, चढ मोजा

पुण्याकडच्या सायकलवाल्यांना इथले आकडे वाचून हसू येतं. या भागातली नावाजलेली टेकडी माँ सँ-रोमँ, उंची ५७९ मीटर. आपला सिंहगड तेराशेच्या पुढे. पण सिंहगड एकदा चढला की संपतो, मग उतारच उतार. इथे दीडशे-दोनशे मीटरचा चढ, लगेच उतार, खाली ओढा, पुन्हा चढ, असं दिवसातून सहा-सात वेळा होतं. शिवाय मळ्यांतल्या वाटा ट्रॅक्टरसाठी काढलेल्या, वळसे घेत बसत नाहीत; सरळ टेकडीच्या छाताडावर जातात. बारा-चौदा टक्क्यांचे तुकडे सर्रास लागतात.

माझा हिशेब असा: खडीवर सपाटीला ताशी पंधरा किलोमीटर धरा आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं वर मिळवा. म्हणजे ४५ किलोमीटर आणि ७०० मीटर चढ असेल तर तीन तास अधिक सत्तर मिनिटं, आणि हे फोटो, पाणी, चर्च, पंक्चर सोडून. घरी शंभर किलोमीटर सहज मारणाऱ्यानेसुद्धा पहिल्या आठवड्यात दिवसाला पन्नासच्या वर आखू नये.

पायरी २: महिना

मे-जून किंवा सप्टेंबर. जूनअखेरीस साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशिराची धास्ती नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपार तापते, मळ्यांत सावली औषधालाही नसते. सप्टेंबरात द्राक्षतोडणी असते: वातावरण झकास, पण वाटांवर ट्रॅक्टरची रहदारी, आणि पाऊस पडला तर त्यांच्या चाकांनी उकरलेला चिखल. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम. जंगलाच्या तोंडाशी 'शास आं कूर' असा फलक दिसला तर शिकार चालू आहे असा त्याचा अर्थ. तिथे शहाणपणा न करता दुसरी वाट धरा. त्या महिन्यांत भडक रंगाचं जॅकेट घाला.

पायरी ३: सायकल

पहिल्या खेपेला आपली सायकल खोक्यात घालून विमानाने नेऊ नका. भाड्याने घ्या. मात्र छोट्या गावात टूरिंग आणि ई-सायकली जास्त असतात, ग्रॅव्हल कमी. म्हणून महिनाभर आधी मेल करून तुमच्या मापाची आहे का ते विचारून ठेवा. घरी आपल्या सायकलची सीटची उंची (पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत) टेपने मोजून लिहून न्या. दुकानदार "सा व्हा?" म्हणजे "बरंय ना?" असं विचारतो आणि आपण भिडेखातर हो म्हणतो. मग तिसऱ्या दिवशी गुडघा बोलतो.

तीन गोष्टी बघून घ्या. टायर ४० मिलिमीटर किंवा जास्त. सर्वात हलक्या गिअरमध्ये पुढच्या चक्रीला मागच्यापेक्षा कमी दात, म्हणजे पुढे ३० आणि मागे ३४ असं काहीतरी. नसेल तर मळ्यातल्या चढांवर उतरून ढकलावं लागेल. (ढकलण्यात लाज नाही. मी ढकललीय.) तिसरं, टायर ट्यूबलेस आहेत का.

हवेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपल्याकडे टायर दाबून 'टणक' झाला की समाधान वाटतं. खडीवर टणक टायर म्हणजे तळहातांना कंप, चढावर घसरणारं मागचं चाक, आणि संध्याकाळी बधिर झालेली बोटं. सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटर ट्यूबलेसमध्ये अडीच बार पुष्कळ होतात. पुढच्या चाकात त्याहून किंचित कमी. फ्रान्समध्ये हवा बारमध्ये मोजतात. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, आत ट्यूब असेल तरी थोडी वाढवा, नाहीतर धारदार दगडावर टायर रिमपर्यंत दबून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. व्हॉल्व्ह प्रेस्टा जातीचा, बारीक आणि लांब. टोकाची इवलीशी चक्री आधी सैल केल्याशिवाय हवा जाणार नाही.

सोबत दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, साखळीची जोडकडी आणि बहुपाना. गॅसच्या पुंगळ्यांवर विमानात निर्बंध असतात, त्या तिथेच घ्या किंवा पंपावर भागवा. पंक्चर खडीने कमी होतं, काट्यांनी जास्त. पश्चिमेकडच्या कुरणांना काटेरी झुडपांचं कुंपण असतं. शेतकरी ते यंत्राने छाटतात आणि छाटलेले तुकडे वाटेवरच पडून राहतात.

पायरी ४: पोचणं

पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून टीजीव्हीने (वेगवान गाडीने) माकों-लोशे स्टेशन पावणेदोन तासांच्या आत येतं. पण हे स्टेशन गावाबाहेर आहे, आणि टीजीव्हीत सायकल न्यायची तर बहुतेक गाड्यांत चाकं काढून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत भरावी लागते. सायकल सोबत असेल तर ल्योंच्या पार-द्यू स्टेशनवरून साधी प्रादेशिक गाडी, म्हणजे टेर, पकडून माकों-व्हिलला उतरा. सायकल अखंड चढवता येते, जागा असेल तर. क्लूनीला रेल्वे नाही. तिच्या जागीच तर आपली वाट आहे. माकोंहून सायकलनेच जा, नाहीतर बस.

व्हिसा नेहमीचाच शेंगेनचा. खाऊबद्दल एक सूचना: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. तेव्हा पेढे, तूप, खव्याच्या पोळ्या घरीच राहू देत. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, चिवडा बिनघोर.

पायरी ५: पहिला दिवस कण्यावरच

पहिल्या दिवशी टेकडीचं नावही काढू नका. क्लूनी ते कोर्मातँ आणि परत, सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, सगळं ग्रोन नदीच्या खोऱ्यातून. उजव्या बाजूने चालायची सवय, ब्रेकची सवय, गिअरची सवय. हिरवी वाट रस्ता ओलांडते तिथे थांबा. वाटेत तेझे लागतं, टेकडीवर. १९४० साली ब्रदर रोजर इथे आले आणि त्यांनी जमवलेल्या छोट्या बंधुसंघाचं पुढे जगभरच्या तरुणांचं ठिकाण झालं. उन्हाळ्यात शेकडो पोरं तंबू ठोकून असतात. कोर्मातँला खंदकातला शातो (सरदारी वाडा) आहे, बागेसकट. तिथे तास मोडतो.

परत आल्यावर क्लूनी बघा. इथला मठ ९१० साली स्थापन झाला. १०८८ मध्ये सुरू झालेलं त्याचं तिसरं चर्च १८७ मीटर लांब होतं. रोममधलं आजचं सेंट पीटर उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि विकत घेणाऱ्यांनी त्याची दगडखाण केली. सुरुंग लावून पाडलं, दगड विकले, मधून रस्ता काढला. आज क्रुसाच्या आकाराच्या त्या चर्चचा एका बाजूचा हात आणि त्यावरचे मनोरे तेवढे उभे आहेत. तिथे उभं राहून आपण चर्चच्या आत आहोत की गल्लीत, हेच आधी कळत नाही. मग खांबांचे बुंधे दिसायला लागतात आणि दूरवरचं दुकानसुद्धा एकेकाळी चर्चच्या आतच होतं हे ध्यानात येतं. खायचं सामान भरायचं असेल तर शनिवारी सकाळी बाजार भरतो.

पायरी ६: पहिला काटा, शापेझ आणि ब्रांसियों

दुसऱ्या दिवशी कोर्मातँपर्यंत कालच्याच वाटेने जा आणि तिथून पूर्वेला वळा. शापेझ तिथून फार लांब नाही. अर्ध्या वाटेपासूनच चर्चचा मनोरा दिसायला लागतो, कारण गाव मूठभर आणि मनोरा पस्तीस मीटरचा. अकराव्या शतकातला आहे. आत जा, बसा, गार व्हा.

शापेझच्या पुढे जंगल सुरू होतं आणि इथे तुम्हाला पहिली खरी खडी भेटेल. आता चालवण्याचं तंत्र सांगतो, कारण हे वाचून जाणं आणि न वाचता जाणं यात फरक पडतो.

चढाच्या आधीच गिअर हलका करा. चढ लागल्यावर पेडलवर जोर असताना गिअर बदलला की साखळी कुरकुरते, कधी तुटते. खड्या चढावर उभे राहू नका. डांबरावर उठून पुरा जोर लावता येतो, खडीवर उठलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागेवर गरगरतं. सीटच्या पुढच्या टोकाशी बसा, कोपरं वाकवा, छाती खाली. एकसारखं, न झटकता फिरवत राहा. उतारावर उलट: दोन्ही पेडल समपातळीत, बूड सीटवरून किंचित उचलून मागे, हात हँडलच्या खालच्या वळणावर, पकड अशी की बोटांत अंडं धरलंय. सायकल खाली थोडी डुगडुगते, डुगडुगू द्या. नवखा माणूस ती डुगडुग थांबवायला हँडल करकचून धरतो आणि तिथेच पडतो. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. आणि नजर चाकासमोरच्या दगडावर नको, जिथे जायचंय तिथे. दगडाकडे बघत राहिलं की चाक हमखास त्यावरच जातं.

वाटेला ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा पट्टा असतो. एक चाकोरी पकडा आणि तिच्यातच राहा. बदलायचीच असेल तर वेग कमी करून, आडवं नाही, तिरकं.

ब्रांसियों डोंगरसोंडेवर आहे: वेस, किल्ला, लाकडी खांबांची जुनी बाजारशेड आणि अगदी टोकाला चर्च. गाड्यांना गावाबाहेरच थांबवतात. चर्चच्या मागे कठड्यावर बसलं की खाली ग्रोनचं खोरं दिसतं, सकाळी आलात ती वाटही त्यातच कुठेतरी असते. इथून परतीचा उतार कण्याकडेच आहे. अख्खा दिवस पन्नासेक किलोमीटर.

पायरी ७: बोगदा आणि सोल्युत्रे

क्लूनीच्या दक्षिणेला हिरवी वाट बुआ-क्लेर बोगद्यातून जाते, लांबी सोळाशे मीटर. आत दिवे आहेत, पण गारठा असा की जुलैतही बाही ओढावीशी वाटते. हिवाळ्यात हा बोगदा बंद असतो, कारण आत वटवाघळं झोपलेली असतात. त्या काळात डोंगरावरून वळसा. त्यासाठी पाट्या आहेत आणि चढही आहे.

बोगद्यापलीकडे चित्र पालटतं. कुरणं मागे पडतात, द्राक्षमळे सुरू होतात. बेर्झे-ला-व्हिलच्या छोट्या मठ-चॅपेलमध्ये क्लूनीच्या साधूंनी बाराव्या शतकात काढवून घेतलेली भिंतीवरची चित्रं आहेत. पाडलेल्या क्लूनीच्या आतल्या भिंती कशा असतील याचा अंदाज आज इथेच येतो. चुकवू नका. इथली घरंही बघत चला: दगडी जिना, वर छप्पर काढलेली लांब ओसरी, खाली दारूचं तळघर. ओसरीवर बसून शेंगा सोलत असलेली आजी दिसली तर क्षणभर कोकणात आल्यासारखं वाटतं, फक्त शेंगा मटारच्या.

मग सोल्युत्रेचा कडा. ४९३ मीटर उंच, जहाजाच्या नाळेसारखा पुढे झुकलेला, शेजारी व्हेर्जिसोंचा जुळा भाऊ. पायथ्याशी १८६६ पासून उत्खनन झालं. हजारो वर्षं शिकारी इथे येत होते आणि घोड्यांच्या हाडांचे थरच्या थर सापडले. अश्मयुगातल्या एका संस्कृतीला या गावावरूनच नाव मिळालं. घोडे कड्यावरून खाली ढकलून मारत असत ही गोष्ट अजून सांगितली जाते, पण पुरातत्त्वज्ञांनी ती कधीच निकालात काढली आहे. हाडं कड्याच्या टोकाच्या थेट खाली नाहीतच, बाजूला आहेत. राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मित्तेराँ दरवर्षी पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाला हा कडा चढत. तुम्हीही पायीच चढा. सायकल खाली कुलूप लावून ठेवायची.

भोवतालच्या, पुयी-फ्युसे वाइनच्या मळ्यांतल्या पांढऱ्या वाटा म्हणजे या भागातलं सर्वात सुंदर ग्रॅव्हल आणि सर्वात दमवणारंही. वाटेवर राहा, वेलींच्या ओळींत शिरू नका. ते कुणाचं तरी पोट आहे. फवारणी चालू दिसली तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला थांबा. वेलींच्या डोक्यावरून टांगा टाकून चालणारा उंच ट्रॅक्टर समोरून आला तर उतरून बाजूला व्हा, त्याला मागे घेणं सोपं नसतं.

पाऊस पडून गेला असेल तर हा दिवस पुढे ढकला. चुनखडीबरोबरची माती आपल्या काळ्या मातीइतकी नाही, पण चाक आणि फ्रेमच्या मध्ये अडकून बसेल इतकी चिकट नक्की आहे. पश्चिमेला, सँ-प्वँ आणि त्रामायकडे, ग्रॅनाइटची भुसभुशीत वाळू आहे. तिथे पाणी लगेच निचरतं. पावसानंतर पश्चिम, कोरड्यात पूर्व-दक्षिण, इतकं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

नकाशा आणि पाट्या

मोबाइलवर मार्ग आखून ऑफलाइन उतरवून ठेवा, दऱ्यांत रेंज जाते. आखलेला मार्ग आयजीएनच्या (फ्रान्सच्या सरकारी नकाशासंस्थेच्या) १:२५,००० नकाशाशी पडताळा; ॲपला जी वाट दिसते ती कधीकधी कुणाच्या तरी अंगणात संपते. झाडांवर रंगाचे पट्टे दिसतील. पिवळा म्हणजे स्थानिक पायवाट, पांढरा-लाल म्हणजे लांब पल्ल्याची; फुली म्हणजे इकडे नाही. त्रिकोण आणि दोन गोल हे सायकलचं चिन्ह. पायवाटेवर चालणाऱ्याचा मान पहिला. 'प्रोप्रिएते प्रिव्हे' म्हणजे खासगी, मागे फिरा. 'व्वा सां-झिस्यू' म्हणजे पुढे रस्ता बंद. पण तो गाड्यांना. बऱ्याचदा डांबर संपतं तिथूनच आपली वाट सुरू होते, नकाशा बघा. कुरणाचं फाटक उघडलंत तर लावून घ्या, आत पांढरीशुभ्र शारोले गुरं असतात. कुंपणाच्या तारेत वीज असते.

रस्त्याचा एक नियम आपल्याला धोक्याचा वाटेल असा आहे: पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती कितीही बारकी गल्ली असो. गावांत हे फार लागतं. कानात इअरफोन घालून चालवायला बंदी आहे. घंटी आणि दिवे सक्तीचे, आणि गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकतं जॅकेटही. अडचणीत ११२.

पोट आणि पाणी

सोमवारी दुपारी एक वाजता एका गावात शिरलो. बेकरी बंद, किराणा बंद, कॅफेच्या खुर्च्या उलट्या. खिशात चिक्कीची दीड वडी. त्या दिवशी घड्याळ पाठ झालं: बेकरी सकाळी लवकर उघडते, साडेबाराच्या सुमारास बंद होते, दुपारी उशिरा परत उघडते, आठवड्याची सुट्टी बऱ्याचदा सोमवारी. हॉटेलात जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकी घरी. तेव्हा निघतानाच बागेत घेऊन निघा, म्हणजे पाव, बगीचा नव्हे.

शाकाहाऱ्यांनी फ्रेंच सॅलडवर विश्वास ठेवू नये, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात. कीश लोरेन या अंड्याच्या खाऱ्या पायमध्येही. "सां व्हियांद, सां प्वासों" (मांस नको, मासे नकोत) पाठ करा. चीज घालून फुगवलेले गुजेर हे खास बर्गंडीचे, अंड्याचे आहेत एवढं ध्यानात घ्या. माकोनेचं (माकोंच्या परिसरातलं) बकरीच्या दुधाचं चीज पेढ्यापेक्षा थोडं मोठं असतं. पावात दाबून खिशात टाकलं की जेवण झालं.

पाणी संपलं तर स्मशान शोधा. थट्टा नाही. फुलांना घालायला बहुतेक दफनभूमींत नळ असतो आणि फ्रान्समधले सायकलवाले पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बाटली भरतात. 'नों पोताब्ल' लिहिलेलं असेल तर भरू नका. जाताना फाटक हळू लावा. दुकानात शिरताना, वाटेवर कुणी भेटलं तरी, आधी बोंजूर. न म्हणता थेट प्रश्न विचारलात तर चेहरे लगेच आखडतात.

संध्याकाळी आंघोळीच्या वेळी पायांवर, गुडघ्यामागे गोचीड आहे का बघा. जंगलातल्या उंच गवतात असतात आणि लाइम रोग पसरवतात.

शेवटचा दिवस

चौथ्या दिवशी पाय शाबूत असतील तर ब्लानोवरून माँ सँ-रोमँ. स्वच्छ हवेत सोनच्या खोऱ्यापलीकडे माँ ब्लां दिसतो. मला दोनदा ढग दिसले. पाय शाबूत नसतील तर सरळ ब्रांसियोंवरून पूर्वेला उतरून तूर्न्यू गाठा. तिथलं सँ-फिलिबेर मठाचं चर्च बघा, गुलाबी झाक असलेल्या दगडाचे जाडजूड गोल खांब, आणि क्लूनीसारखं कुणी पाडलेलं नाही. तूर्न्यूला टेर थांबते, माकों आणि ल्योंकडे. स्टेशनवर वीस मिनिटं आधी पोचा, पिशव्या उतरवून ठेवा, आणि साखळी फडक्याने पुसून घ्या. गाडीत सायकल अंगावर टेकवून उभं राहावं लागतं, आणि खडीची पांढरी धूळ तेलात कालवली की तिचा डाग पँटवरून निघत नाही.